गच्ची ते पानशेत : नवा डीएसएलआर आणि पुण्याच्या रात्री

संक्रांत होऊन गेली की पुण्यात रात्रीच्या फोटोंचे दिवस येतात. हवा कोरडी असते, पावसाळी ढग नसतात, सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे नोकरदार माणसालाही पुरेशी रात्र मिळते. पौषातली अमावस्या शनिवार-रविवारला लागून येत होती, म्हणून गुरुवार ते सोमवार असा बेत ठरवला. सोबत नुकताच कॅमेरा घेतलेली मंडळी होती. कोणाकडे कॅनन १५००डी, कोणाकडे निकॉन डी३५००, आणि सगळ्यांकडे डब्यात आलेली १८-५५ मिमीचीच लेन्स, म्हणजे किट लेन्स. नवी लेन्स कोणालाही घेऊ दिली नाही. रात्रीच्या फोटोसाठी पहिला खर्च ट्रायपॉडवर करावा, दुसरा जादा बॅटरीवर आणि तिसरा केबल रिलीजवर, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता फोटो घ्यायच्या वायरच्या बटणावर. लेन्सचं नंतर बघता येतं.

बेत आखताना एकच नियम पाळला : भरपूर उजेडाकडून अंधाराकडे जायचं आणि एका ठिकाणी एकच गोष्ट बदलायची. शटर (उजेड किती वेळ आत येतो), ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं; एफ/ पुढचा आकडा लहान तितकं भोक मोठं) आणि आयएसओ (चित्र टिपणारा सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) अंधारात एकदम फिरवले, तर फोटो सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही.

गुरुवार : गच्ची, सदाशिव पेठ

दुपारी दोन फेऱ्या. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून कपाळावर बांधायची बॅटरी आणि काळी इन्सुलेशन टेप घेतली. अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानातून लाल जिलेटिन कागद आणला. कागदाच्या दोन-तीन घड्या बॅटरीच्या काचेवर टेपने चिकटवायच्या. पांढऱ्या झोताने अंधाराला सरावलेले डोळे क्षणात बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस-पंचवीस मिनिटं घेतात. मंद लाल उजेडाने तसं होत नाही.

उरलेली संध्याकाळ गच्चीवर, ट्रायपॉडच्या ओळखीत. पाय उघडताना आधी वरचे जाड भाग बाहेर काढावेत, सगळ्यात खालचे बारीक भाग शेवटी. मधला दांडा शक्यतो वर करू नये. तो वर गेला की कॅमेरा एका काठीवर उभा राहतो आणि वाऱ्याने डुलतो. एक पाय लेन्सच्या दिशेला ठेवला की उरलेल्या दोन पायांमध्ये आपल्याला उभं राहायला जागा मिळते. वजनासाठी पिशवी टांगायची, तर ती जमिनीला टेकेल इतकी खाली हवी. लोंबकळणारी पिशवी वाऱ्यात हलते आणि ट्रायपॉडलाही हलवते. १५००डी आणि किट लेन्स मिळून सुमारे सातशे ग्रॅम भरतात, म्हणजे साधा ट्रायपॉडही हे वजन पेलतो. पण स्वस्त ट्रायपॉडचा स्क्रू घट्ट केल्यावर डोकं किंचित खाली बसतं. फ्रेम जरा वर लावूनच आवळावी.

कॅमेऱ्यात करायचे बदल तिथेच, दिवा चालू असताना करून घेतले. डायल एम वर, म्हणजे सगळं हाताने, फोटो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, लेन्सवर थरथर आवरणाऱ्या स्टॅबिलायझरची खिटी असेल तर ती बंद, सेल्फ टायमर दोन सेकंदांचा, स्क्रीनचा उजेड कमीत कमी. स्टॅबिलायझर बंद करायचं कारण असं की तो हालचाल शोधत राहतो आणि स्थिर ट्रायपॉडवर काही किट लेन्समध्ये स्वतःच काच हलवतो. स्क्रीन मंद करण्याचं कारण जास्त महत्त्वाचं आहे. अंधारात पूर्ण उजळ स्क्रीनवर काळाकुट्ट फोटोही छान दिसतो आणि फसगत घरी आल्यावर कळते. फोटो स्क्रीनवर आवडला की नाही हे विचारूच नये, हिस्टोग्राम बघावा, म्हणजे फोटोतला अंधार डावीकडे आणि उजेड उजवीकडे मांडणारा आलेख. डोंगर डाव्या भिंतीला चिकटला असेल तर सावल्यांत काही उरलेलं नाही. उजव्या टोकाला उंच रेघ असेल तर दिवे फुटले आहेत, म्हणजे नुसते पांढरे झाले आहेत. रात्रीच्या फोटोत रस्त्यावरचे दिवे थोडे फुटणारच, त्याला इलाज नाही. भिंत, पाणी आणि आकाश फुटता कामा नये.

मग सराव. आयएसओ १००, एफ/८, लेन्स १८ मिमीवर, समोर छपरं आणि पाण्याच्या टाक्या. फक्त शटर बदलायचं : १, २, ४, ८, १५ आणि ३० सेकंद. दर वेळी उजेड दुप्पट, म्हणजे एक स्टॉप. यातला ८ सेकंदांचा फोटो चांगला वाटला, तर तोच उजेड दुसऱ्या वाटेने मिळवायचा. ॲपर्चर एफ/४ केलं की चौपट उजेड येतो, म्हणून शटर २ सेकंद. त्यावर आयएसओ ८०० केला की आठपट, म्हणून शटर पाव सेकंद. तिन्ही फोटो सारखेच उजळ येतात. फरक बघायचा तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत, शंभर टक्के मोठं करून. आयएसओ ८०० ला तिथे दाणे दिसायला लागतात. हे गणित तोंडपाठ झालं की पुढचं सगळं सोपं.

एक गोष्ट किट लेन्सबद्दल. १८ मिमीला ॲपर्चर एफ/३.५ पर्यंत उघडतं, ५५ ला एफ/५.६ पर्यंतच. झूम केला की जवळजवळ दीड स्टॉप उजेड जातो. म्हणून रात्री झूमला हात न लावता पुढे-मागे चालावं.

शुक्रवार : नदीपात्र, झेड ब्रिज, शनिवारवाडा

सहाच्या आत नदीपात्रातल्या रस्त्यावर, नारायण पेठेच्या बाजूला. तोंड डेक्कनकडे, म्हणजे मावळतीकडे. समोर झेड ब्रिज, पलीकडे मेट्रोचा मार्ग आणि संभाजी उद्यानाजवळचं पगडीच्या आकाराचं स्टेशन. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, त्यामुळे पावसाळ्यात इथे उभं राहण्याचा प्रश्नच नाही. जानेवारीत पात्र कोरडं असतं आणि मधल्या डबक्यांत दिव्यांची प्रतिबिंबं मिळतात. डासांसाठी ओडोमॉस मात्र हवंच. ते लावलेला हात लेन्सच्या काचेला लागू देऊ नये.

ट्रायपॉड पुलावर लावायचा मोह सगळ्यांना होतो, कारण वरून दृश्य चांगलं दिसतं. झेड ब्रिजवरून सतत दुचाकी जातात आणि प्रत्येक गाडीबरोबर पूल थरथरतो. ही थरथर पायांना जेमतेम जाणवते, पण दहा सेकंदांच्या फोटोत प्रत्येक दिवा दुहेरी दिसतो. ट्रायपॉडचे पाय नेहमी जमिनीवर, पुलाच्या बाहेर.

संध्याकाळच्या निळ्या वेळेचं गणित इथे नीट समजतं, त्यामुळे शुक्रवारचा सगळ्यात जास्त वेळ याच्यावर घालवला. सूर्य मावळल्यावर आकाशाचा उजेड साधारण दर चार मिनिटांनी एक स्टॉप उतरतो. पुलावरच्या दिव्यांचा उजेड मात्र तेवढाच राहतो. म्हणजे एक उतरणारी रेघ आणि एक आडवी रेघ, आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात ती पाच-सहा मिनिटं आपली. त्याआधी आकाश पांढुरकं आणि दिवे फिके. त्यानंतर आकाश काळं आणि दिवे बटबटीत. पुण्यात हा संधिप्रकाश झटपट संपतो. विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्याने सूर्य तिरका न जाता जवळजवळ सरळ खाली जातो. युरोपातल्या फोटोग्राफरने सांगितलेला पाऊण तास इथे धरून चालू नये.

साडेसहाला आयएसओ १००, एफ/८ आणि अर्धा सेकंद. दर दोन-तीन मिनिटांनी एक फोटो आणि आकाश तेवढंच उजळ ठेवायला शटर वाढवत जायचं. पावणेसातच्या आत-बाहेर शटर ४ ते ८ सेकंदांवर येतं आणि पुलाचा कठडा, त्याखालची सावली, पाण्यातलं प्रतिबिंब हे सगळं एकदम उमटायला लागतं. इथे आकाशाचा पाठलाग सोडायचा. ८ सेकंदांवर शटर कायम ठेवायचं आणि आकाश स्वतःहून गडद होऊ द्यायचं. त्या पाच-सहा मिनिटांत पंधरा-वीस फोटो निघतात, त्यातला एखादा बरोबर असतो. कोणता ते घरी ठरवावं. तिथे उभं राहून फोटो चाळत बसलं की वेळ निघून जातो.

अर्धा ते दोन सेकंदांच्या फोटोंत एक वेगळीच अडचण येते. कॅमेऱ्यातला आरसा उचलताना बसणारा धक्का या वेळांना जास्त भोवतो. पंधरा सेकंदांच्या फोटोत तो विरून जातो, कारण थरथर एकूण वेळेचा नगण्य भाग असते. कॅननवर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर थेट दिसणारं दृश्य, चालू ठेवून फोटो घेतला की आरसा आधीच वर असतो, प्रश्न मिटतो. लाइव्ह व्ह्यू वापरत नसाल आणि उजेड कॅमेऱ्याला मोजू देत असाल, तर डोळा लावायच्या खिडकीवर रुमाल टाकावा. मागच्या दिव्याचा उजेड तिथून शिरतो आणि मोजमाप चुकवतो.

सातनंतर गाड्यांच्या रेषा. एफ/११, आयएसओ १००, २० सेकंद. जाणाऱ्या गाड्यांची लाल रेघ, येणाऱ्यांची पांढरी. दुचाकींच्या रेषा बारीक असतात. वीस सेकंदांत पुरेशा भरल्या नाहीत तर ३० करावेत आणि ॲपर्चर एफ/१३ वर न्यावं. शटर गाड्या फ्रेममध्ये शिरण्याच्या क्षणभर आधी उघडायचं. दोन सेकंदांचा सेल्फ टायमर इथे आड येतो, म्हणून केबल रिलीज. कॅनन १५००डीला केबलची खाच आहे. निकॉन डी३५०० ला ती नाही. त्याला फोनवरून स्नॅपब्रिज या निकॉनच्या ॲपने चालवावं किंवा टायमरचे दोन सेकंद हिशोबात धरून आधी दाबावं. मेट्रो आली तर ८ सेकंद पुरतात. खिडक्यांचा एक सलग पट्टा उमटतो आणि तो दुचाकींच्या वेड्यावाकड्या रेषांच्या वर फार देखणा दिसतो.

आठच्या सुमारास शनिवारवाडा. वाड्याचा पाया १७३० साली घातला गेला आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. रात्री दिसतो तो तट आणि उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा, वर नगारखाना. आत जायची वेळ संपलेली असते आणि जायची गरजही नाही. बाजीरावांच्या पुतळ्याच्या मागच्या पटांगणात ट्रायपॉड लावायला भरपूर जागा आहे.

इथे तीन गोष्टी शिकण्यासारख्या. पहिली, सरळ उभ्या रेषा. १८ मिमीवर कॅमेरा वर वळवला की दोन्ही बुरूज आतल्या बाजूला झुकतात. कॅमेरा समपातळीत ठेवून मागे सरकत जावं आणि खालचं जादा पटांगण नंतर कापून टाकावं. दुसरी, चांदणीसारखे दिवे. एफ/१६ केलं की प्रत्येक दिव्याला किरणं फुटतात. किती फुटणार ते ॲपर्चरच्या पात्यांवर ठरतं. पाती सम असतील तर तेवढीच, विषम असतील तर दुप्पट. कॅननच्या १८-५५ मध्ये सहा पाती, म्हणून सहा किरणं. निकॉनच्या १८-५५ मध्ये सात, म्हणून चौदा. मात्र एफ/१६ च्या पुढे जाऊ नये. भोक फार लहान झालं की उजेडाच्या लहरी पसरतात आणि दगडांमधल्या सांध्यांची धार जाते.

तिसरी गोष्ट जवळून दाखवावी लागली. एका फोटोत दरवाज्याच्या डाव्या हाताला प्रखर दिवा होता, आणि नेमक्या तेवढ्याच अंतरावर उजव्या हाताला, काळ्या आकाशात, एक फिकट हिरवा ठिपका. फोटोच्या मध्यबिंदूतून रेघ ओढली तर दिवा एका टोकाला, ठिपका दुसऱ्या टोकाला. हे भूत यूव्ही फिल्टरचं. सेन्सरवरून परतलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. दुकानदार लेन्सबरोबर हा फिल्टर हमखास देतात. दिवसा तो लेन्स जपतो, रात्री काढून खिशात ठेवावा. फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा घेतला, ठिपका गायब.

माणसं फोटोत नको असतील तर एफ/१६, आयएसओ १०० आणि ३० सेकंद. चालणारी माणसं पुसली जातात, बसलेली राहतात, आणि मोबाइल बघत फिरणाऱ्यांची पांढरी रेघ उमटते. ३० सेकंदांत भिंती फुटत असतील तर १५ वर यावं.

शनिवार : पानशेत

शनिवारी दुपारी सिंहगड रस्त्याने निघायचं तर तीनच्या आत. त्यानंतर खडकवासला चौपाटीवर भजी-कणसांसाठी थांबलेल्या गाड्यांतून वाट काढावी लागते. पुढे डोणजे, खानापूर करत पानशेत. धरणाच्या भिंतीवर फोटोला मनाई असते, तिकडे कॅमेरा काढू नये. मुक्काम धरणाच्या पाण्याच्या कडेला, पुण्याच्या विरुद्ध अंगाला असलेल्या ठिकाणी घ्यावा आणि फोन करतानाच विचारावं की आवारातला हॅलोजन रात्री बंद कराल का. हा प्रश्न जेवणाच्या चौकशीपेक्षा महत्त्वाचा आहे. मालकाला कारण सांगितलं की बहुतेक वेळा तो आनंदाने दिवे घालवतो आणि स्वतःही तारे बघायला येऊन बसतो.

उजेड असतानाच जागा हेरली. पाण्याची कड, एकटं झाड, मागे डोंगराची रेघ, आणि उत्तर दिशा कुठे हे होकायंत्राने बघून ठेवलं. ट्रायपॉडचे पाय जिथे येणार तिथे तीन दगड मांडले. पुण्याचा उजेड इथून ईशान्येला, क्षितिजावर नारिंगी फुगवट्यासारखा दिसतो. तो फ्रेमबाहेर ठेवायचा.

सूर्यास्तानंतर पूर्ण अंधार व्हायला सव्वा तास लागतो. साडेसातला सुरुवात केली ती फोकसपासून, कारण ताऱ्यांचे फोटो फसतात ते मुख्यतः इथे. किट लेन्सवर अंतराच्या खुणा नसतात, आणि रिंग शेवटपर्यंत फिरवली की फोकस अनंताच्या पलीकडे जातो. म्हणून पायऱ्या अशा : लेन्स एमएफ वर, म्हणजे फोकस हाताने. आयएसओ ३२००, ॲपर्चर पूर्ण उघडं. लाइव्ह व्ह्यू चालू. व्याधाचा तारा चौकटीत आणून १० पट मोठा करायचा. व्याध अजून डोंगराआड असेल तर रोहिणी किंवा लांबच्या गावातला दिवा चालतो. रिंग केसभर पुढे, केसभर मागे. ताऱ्याचा गोळा आक्रसत जातो, अगदी लहान होतो आणि पुन्हा फुगायला लागतो. सगळ्यात लहान असेल तिथे थांबायचं आणि रिंगवर टेपचा तुकडा लावायचा. आता झूमला हात लावायचा नाही, कारण या लेन्सचा झूम बदलला की फोकसही बदलतो. निकॉनच्या एएफ-पी लेन्सना आणखी एक खोड आहे. रिंग विजेवर चालते, आणि कॅमेरा बंद केला किंवा झोपी गेला की फोकस जागेवरून हलू शकतो. त्यांनी मेनूमध्ये जाऊन कॅमेरा झोपण्याची वेळ वाढवून ठेवावी आणि टेपवर भरवसा ठेवू नये.

किती वेळ शटर उघडं ठेवावं? प्रचलित नियम ५०० चा. ५०० ला लेन्सच्या मिमीने आणि सेन्सरच्या गुणकाने, म्हणजे तो ३५ मिमी फिल्मपेक्षा जितक्या पट लहान आहे त्या आकड्याने, भागायचं. कॅननसाठी १.६, म्हणजे ५०० भागिले २८.८, सुमारे १७ सेकंद. हा नियम फिल्मच्या काळात ठीक होता, २४ मेगापिक्सेलला तो सैल पडतो. पृथ्वी फिरते म्हणून मृगाच्या पट्ट्यातले तारे दर सेकंदाला १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात. १८ मिमीवर या सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ४२ विकला व्यापतो. १७ सेकंदांत तारा सहा पिक्सेल लांबतो, १० सेकंदांत साडेतीन. फोनवर दोन्ही ठिपकेच दिसतात, मोठ्या प्रिंटमध्ये पहिला चक्क रेघ दिसतो. आम्ही १० ते १३ सेकंद धरतो. ध्रुवाकडे तोंड असेल तर तारे सावकाश सरकतात, तिथे २० सेकंदही चालतात.

आठला मृग पूर्वेच्या अंगाला, ४५ अंशांवर. कॅमेरा उभा धरला की खाली झाड आणि वर मृग, दोन्ही बसतात. अकराच्या आधी-मागे तो दक्षिणेला सत्तर अंशांवर चढतो, तेव्हा जमिनीसकट घेणं १८ मिमीलाही जमत नाही. म्हणून जमीन आणि मृग एकत्र हवे असतील तर संध्याकाळची घाई करावी. सेटिंग : १८ मिमी, एफ/३.५, आयएसओ ३२००, १३ सेकंद. एकच फोटो घेऊन थांबू नये. काहीही न हलवता एकापाठोपाठ १६ घ्यावेत. नंतर एकावर एक रचले की दाण्यांचा त्रास चौपट कमी होतो, कारण तो फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशोबाने घटतो. एफ/१.८ ची लेन्स दोन स्टॉप जादा उजेड देते, पण हे सोळा फोटो फुकट आहेत.

झाड उजळायला मोबाइलची बॅटरी, त्यावर टिश्यू पेपर, आणि कॅमेऱ्याच्या बाजूने नव्हे तर पंचेचाळीस अंशांवरून, दोन-तीन सेकंद. समोरून उजेड मारला की झाड पुठ्ठ्यासारखं सपाट दिसतं. कोणाच्या घरावर, गोठ्यावर किंवा पाण्यावरच्या पक्ष्यांवर झोत टाकू नये.

जानेवारीच्या रात्री आकाशगंगेचा मधला झगझगीत भाग दिसत नाही, तो तेव्हा सूर्याच्या बाजूला असतो. मृग आणि मिथुन यांच्यामधून जाणारा फिकट पट्टा तेवढा दिसतो. मधल्या भागासाठी एप्रिल-मे, मध्यरात्रीनंतर. दक्षिणेला मात्र एक चांगली गोष्ट बघायला मिळते. अकरानंतर अगस्त्य क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंशांवर, आणि पाठ फिरवली की ध्रुव साडेअठरा अंशांवर. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश, म्हणून पुण्यात ती तेवढीच राहते.

ध्रुव इतका खाली असल्याने तारकारेषांसाठी, म्हणजे ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या कंसांसाठी, पुणे सोयीचं आहे. कॅमेरा आडवा धरूनही खाली डोंगर आणि वर ध्रुव दोन्ही येतात. ध्रुव शोधायला संध्याकाळी वायव्येला शर्मिष्ठा असते. सप्तर्षी उशिरा उगवतात. नऊला सुरुवात केली : एफ/४, आयएसओ ८००, ३० सेकंद, असे १२० फोटो. एक तास, म्हणजे पंधरा अंशांचा कंस. ड्राइव्ह सलग फोटोंवर ठेवून केबलचं बटण दाबून पुढे सरकवायचं, ते अडकून राहतं. डी३५०० वाल्यांनी शटरच्या बटणावर बारीक खडा ठेवून वरून रबर बँड चढवावा. सेल्फ टायमर अर्थातच काढून टाकायचा.

इथे एक सेटिंग विसरलं तर सगळा तास वाया जातो : लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन. ते चालू असलं तर प्रत्येक ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी ३० सेकंदांचा काळा फोटो काढतो आणि पहिल्यातून वजा करतो. रेषा तुटक-तुटक येतात. ते बंद ठेवावं आणि तास संपल्यावर लेन्सला टोपी घालून त्याच सेटिंगवर चार-पाच काळे फोटो स्वतः काढावेत. काढताच टोपी घालावी, कारण सेन्सरच्या तापमानाप्रमाणे गरम पिक्सेल बदलतात. १२० रॉ फोटोंना साडेतीन जीबी जागा लागते, आणि थंडीत बॅटरी कंपनीने सांगितलेल्या फोटोंच्या संख्येच्या कितीतरी आधी संपते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. कॅमेऱ्यातली बॅटरी मात्र भरलेलीच लावून सुरुवात करावी, मध्ये बदलायला गेलं की ट्रायपॉड हलतो.

पाण्याच्या कडेला दहानंतर दव पडतं. लक्षण असं की तारे मऊ होतात, भोवती वलय येतं आणि मग हळूहळू दिसेनासे होतात. लोक फोकस गेला समजून टेप उपटतात. आधी लाल उजेडात काच तिरकी बघावी. कोरड्या फडक्याने पुसून उपयोग नाही. काच हवेपेक्षा गार आहे तोवर दव पुन्हा बसतंच. लेन्सभोवती लोकरी मोजा, आणि त्यात गिर्यारोहणाच्या दुकानात मिळणारी हातशेकाची पुडी काचेच्या मागच्या अंगाला, रबर बँडने. काच हवेहून एक-दोन अंश उबदार राहिली की पुरे. लेन्स हूडनेही दव तासभर लांबतं. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत घालून चेन लावायची आणि सकाळपर्यंत उघडायची नाही, नाहीतर उबदार हवा गार काचेवर आणि आत सर्किटवर ओल धरते. कार्ड तेवढं बाहेरच काढून घ्यावं.

रविवार : मंडई

संध्याकाळी परत येऊन महात्मा फुले मंडई. इथे गर्दीत ट्रायपॉड लावणं लोकांच्या पायात येण्यासारखं आहे, म्हणून हातात कॅमेरा. अष्टकोनी मनोरा, खाली गाळ्यांवर लोंबणारे दिवे, लिंबांचे आणि टोमॅटोचे ढीग. एफ/३.५, आयएसओ १६०० ते ३२००, १/५० सेकंद. शटर १/५० वर ठेवायला कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/२५० ला फोटोवर आडवे काळे पट्टे येतात, १/५० किंवा १/१०० ला येत नाहीत. कोपर बरगडीला टेकवावं, श्वास सोडून बटण दाबावं आणि सलग तीन फोटो घ्यावेत. मधला बहुधा सर्वांत स्थिर निघतो, कारण बोटाचा दाब पहिल्यात आणि शेवटच्यात हलतो. गाळ्यावरच्या मावशींना आधी विचारावं, आणि फोटो त्यांना दाखवावा. फ्लॅश नको. तो समोरचा ढीग पांढरा करतो आणि मंडई काळी.

सोमवार : संगणकासमोर

आधी कार्डाची दोन ठिकाणी प्रत, मगच बाकी. शुक्रवारच्या फोटोंना कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल किंवा डार्कटेबल पुरतं, दोन्ही फुकट आहेत. शनिवारवाडा फार पिवळा वाटला तर व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनच्या आसपास आणावा, पण सगळा पिवळेपणा काढू नये, दगड निर्जीव दिसतो. ताऱ्यांना ३८०० ते ४२००. मृगातला काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर दिसला की समजावं जमलं.

मृगाचे १६ फोटो सिक्वेटर या फोटो रचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घालायचे आणि जमीन स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडून आकाशाचा भाग रंगवून द्यायचा. तसं केलं नाही तर तारे जुळतात आणि झाड पुसट होतं. तारकारेषांसाठी स्टारस्टॅक्स. आधी १२० रॉ फोटोंना एकच सेटिंग लावून जेपेग करायचे, ते एका खिडकीत आणि काळे फोटो दुसऱ्या खिडकीत घालून मिश्रण लायटन वर ठेवायचं. फोटोंमधल्या क्षणभराच्या खंडाने रेषेत बारीक फटी दिसत असतील तर गॅप फिलिंगवर जावं. लोहगावला उतरणाऱ्या विमानांच्या ठिपक्या-ठिपक्यांच्या रेघा काही फोटोंत असतातच. तो फोटो काढून टाकू नये, रेषेत मोठी फट पडते. तेवढ्या फोटोत फक्त विमानावर काळा ब्रश फिरवायचा आणि पुन्हा रचायचं. लायटन मध्ये जास्त उजळ तेच टिकतं, त्यामुळे काळा ब्रश मागे काही ठेवत नाही, आणि ताऱ्याच्या रेषेला ब्रश लागला असेल तर तिथली फट गॅप फिलिंग बहुतेक वेळा भरून काढतं.